कथिलाचा आकडा

जळगावात खोली मागायला मी ज्या बाईंच्या दारात गेले त्यांनी मला माझं गाव विचारलं नाही, आडनाव विचारलं नाही, लग्न कधी करणार हेही विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "कथिलाचं विशिष्ट गुरुत्व किती?"

मुलींच्या शाळेत मी नुकतीच शिक्षिका म्हणून रुजू झाले होते. पुण्याला इंटर सायन्सपर्यंत शिकलेली बाई आली आहे, ही बातमी शाळेच्या शिपायाने माझ्याआधीच त्या बाईंकडे पोचवली होती. पायाशी ट्रंक, पाठीवर एप्रिलचं ऊन. विशिष्ट गुरुत्व म्हणजे एखादी वस्तू तेवढ्याच पाण्याच्या कितीपट जड, हे मला माहीत होतं, आणि कॉलेजात धातूंचा तक्ता पाठ केलेला होता. मी म्हटलं, "सात पूर्णांक एकोणतीस शतांश."

"कुणी मोजलं?"

"पुस्तकात आहे."

"म्हणजे तुम्ही नाही मोजलं." त्यांनी दार पूर्ण उघडलं. मग म्हणाल्या, "आत या. उन्हात उभ्या राहू नका."

त्यांना सगळे अक्का म्हणत. मीही म्हणू लागले. मेहरूणच्या वाटेवर त्यांचं दोन खोल्यांचं कौलारू घर होतं. पुढे पडवी, मागे परसात केळीची चार झाडं. एका खोलीत त्या, दुसरीत मी. तेव्हा त्या पंचेचाळिशीच्या असतील. असोद्याच्या शेतकरी घरातली लेक, शाळा चौथीपर्यंत. त्यांचे यजमान धुळ्याच्या एका हायस्कुलात शास्त्र शिकवत. ते जाऊन आठ वर्षं झाली होती. अक्का त्यांचं नाव घेत नसत, "मास्तर" म्हणत. नवऱ्याला मास्तर म्हणणारी बाई मी त्याआधी पाहिली नव्हती. पण ते खरोखरच त्यांचे मास्तर होते. लग्नानंतर धुळ्याच्या स्वयंपाकघरात, जमिनीवर कोळशाने लिहून, त्यांनी बायकोला दशांश अपूर्णांक शिकवले होते.

अक्कांच्या पडवीत मास्तरांचा फॅरनहाइटचा थर्मामीटर टांगलेला असे. वैशाखात शेजारची बाई पदराने वारा घेत येई आणि म्हणे, "आज तं कालच्यापेक्षा लय तपून राह्यलं, अक्का." अक्का उठून पाहून येत आणि सांगत, "काल एकशे अकरा होतं. आज एकशे दहा." शेजारीण हिरमुसून जाई, जणू तिचा घाम फुकट गेला. भरताच्या मिरच्या अक्का सोनाराच्या काट्यावर तोलून घेत. तरी एखाद्या दिवशी भरीत झणझणीत होई आणि एखाद्या दिवशी मिळमिळीत. तिखटपणा मोजायचं यंत्र नाही, याचं त्यांना मनापासून वाईट वाटे. एकदा वर्तमानपत्रात गावातल्या एका सभेला हजारो लोक जमल्याचं छापून आलं. अक्का दुसऱ्या दिवशी ते मैदान पावलांनी मोजून आल्या, एका माणसाला उभं राहायला किती जागा लागते ते माझ्यावरून ठरवलं, आणि संपादकांना पत्र धाडलं. ते छापलं गेलं नाही. त्यांनी पुन्हा धाडलं.

मला या सगळ्याचं हसू येई. दर रविवारी सकाळी त्या जे करत त्याचं मात्र हसू येत नसे.

रविवारी अंघोळ झाली की त्या एक लाकडी पेटी काढत. तिच्यात एक छोटा काटा, वजनं, दोन तोळ्यांचा एक राखाडी तुकडा आणि एक पातळ पुस्तक. पुस्तक मास्तरांनी लिहिलेलं होतं. मराठीतून शास्त्र शिकणाऱ्या मुलांसाठी, सोप्या भाषेत. त्यात शेवटी अकरा धातूंचा तक्ता होता, आणि त्यातला एकही आकडा मास्तरांनी इंग्रजी पुस्तकातून उतरवलेला नव्हता. प्रत्येक धातू आणून त्यांनी घरी तोलला होता, आधी हवेत, मग पाण्यात बुडवून. पाणी उकळून निववायचं काम अक्कांचं, म्हणजे तुकड्याला हवेचे बुडबुडे चिकटत नाहीत. तुकडा टांगायला दोरा घेतला तर तो पाणी पितो आणि वजन बदलतं. म्हणून मास्तर अक्कांच्या डोक्यातला एक लांब केस मागून घेत.

"अकरा धातू, अकरा केस," अक्का मला म्हणाल्या. "तेव्हा काळे होते."

दहा आकडे इंग्रजी पुस्तकांशी जुळले, जिथे जुळले नाहीत तिथे केसभराचा फरक. एकटं कथील जुळेना. पुस्तकं ७.२९ म्हणत, मास्तरांचं ७.५२ येई. त्यांनी पुन्हा पुन्हा तोललं, तेच आलं. त्यांनी तेच छापलं.

पुढे शाळेत तपासनीस साहेब आले. त्यांनी पुस्तक चाळलं, कथिलाच्या आकड्यावर बोट ठेवलं आणि भर वर्गात विचारलं, "हे काय?" मास्तर म्हणाले, "मी मोजलंय." साहेबांनी शेरा लिहिला आणि पुस्तक शाळेतून काढलं गेलं. वर्षभरात मास्तरांनी ती नोकरी सोडली. जळगावात एका जिनिंग फॅक्टरीत कापसाच्या गाठींची नोंद ठेवण्याचं काम धरलं. त्यानंतर त्यांनी काट्याला हात लावला नाही. तीन वर्षांनी तापाने गेले.

तेव्हापासून अक्का दर रविवारी तोच तुकडा तोलत होत्या. वहीत आठ वर्षांचे रविवार होते. ७.५१. ७.५२. ७.५३. ७.५२.

"तुम्हाला इंग्रजी येतं. तुम्ही सायन्स शिकलात. माझं कुठे चुकतं ते दाखवा, नाहीतर मास्तर बरोबर होते असं लिहून द्या," त्या म्हणाल्या. खोली मला का मिळाली होती, ते मला तेव्हा कळलं.

मी पाहिलं. काटा तपासला, वजनं शाळेच्या वजनांशी ताडून पाहिली, गणितं पुन्हा केली. मी म्हटलं, इथल्या उन्हाळ्यात पाणी तापून हलकं होतं, त्याचा फरक पडेल. अक्का शांतपणे म्हणाल्या, "मास्तरांनी पौषात मोजलं होतं. पाण्यात थर्मामीटर मीच धरला होता. आणि माझ्या वहीत उन्हाळ्याची दुरुस्ती वेगळी मांडली आहे, पान उलटा." मी पान उलटलं. होती. चौथी शिकलेल्या बाईने केलेली दुरुस्ती, आणि तिच्यात खोट काढायला जागा नव्हती.

शेवटी मी पुण्याला माझ्या जुन्या प्रोफेसरांना लिहिलं. त्यांचं उत्तर पंधरा दिवसांत आलं. चार ओळींचं. निरनिराळ्या देशांतल्या माणसांनी कथील मोजलं आहे आणि सगळ्यांचं ७.२९ च्या आसपासच येतं. तुमच्या बाईंचा हात चांगला दिसतो. धातू शुद्ध आहे का, ते आधी पाहा.

ते पत्र मी सहा दिवस माझ्या ट्रंकेत ठेवलं. अक्का रोज विचारत, "पुण्याहून काही आलं?" मी म्हणे, "नाही." मला भीती वाटत होती. आठ वर्षं ही बाई एका आकड्याला धरून उभी होती. तो काढून घेतला तर तिच्याजवळ काय उरेल, ते मला समजत नव्हतं. सातव्या दिवशी रविवार होता. त्यांनी पेटी काढली, स्वतःचा एक पांढरा केस तोडला आणि तुकड्याला बांधू लागल्या. गाठ बसेना. तीनदा सुटली. मग मी उठून पत्र आणलं आणि वाचून दाखवलं.

त्यांनी तुकडा पेटीत ठेवला. मग म्हणाल्या, "केव्हा आलं होतं?"

"सोमवारी."

"एवढे दिवस ठेवायला नको होतं, बाई." एवढंच. आवाज चढलेला नव्हता. मला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही.

तो तुकडा मास्तरांनी धरणगावच्या एका तांबटाकडून आणला होता. पुढच्या रविवारी आम्ही आगगाडीने धरणगावला गेलो. तांबट आता म्हातारा झाला होता, दुकान मुलं पाहत. तो ओट्यावर बसून होता. अक्कांनी तुकडा त्याच्या हातात दिला आणि त्या काही सांगायच्या आत त्याने तो कानाशी नेऊन दोन्ही हातांनी वाकवला. मग मान हलवली.

"हाई कथील नई शे, माय. यामा शिसं शे."

"कशावरून, आबा?"

"चोखं कथील वाकाडं का कुरकुरस. हाई मुकं शे."

त्याने मुलाला हाक मारून आतून शिक्क्याची, म्हणजे चोख कथिलाची छाप मारलेली एक कांडी आणवली आणि ती अक्कांच्या कानाशी धरून वाकवली. मीही वाकून ऐकलं. करकर असा बारीक आवाज आला, पायाखाली वाळलेलं पान यावं तसा. कॉलेजात मी तक्ता पाठ केला होता, पण कथिलाला आवाज असतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

अक्कांनी विचारलं, "धुळ्याचे एक मास्तर तुमच्याकडून कथील घेऊन गेले होते. फार वर्षं झाली. आठवतात?"

म्हाताऱ्याला आठवत होते. एवढंसं कथील मागणारं गिऱ्हाईक त्याला दुसरं भेटलं नव्हतं. "मास्तर बोलना, कथील दे. मी दिधं. कल्हईले असंच चालस. पुस्तकमा लिखनं शे म्हनीसन सांगतात, तं चोखंच दिधं असतं." आणि तो अपराध्यासारखा अक्कांकडे पाहू लागला.

त्या म्हणाल्या, "तुमचं काही चुकलं नाही, आबा."

त्या शिक्क्याच्या कांडीचा तुकडा घेऊन आम्ही परतलो. गाडीत अक्का खिडकीबाहेर पाहत होत्या. बाहेर कपाशी फुटली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पाणी उकळलं, निववलं, केस बांधला. तोलायला मला बसवलं. "माझा हात आज नको," म्हणाल्या. मी तीनदा तोललं. ७.३०. ७.२८. ७.२९.

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"म्हणजे मास्तरांनी नीट मोजलं होतं," त्या म्हणाल्या.

"अगदी नीट. अक्का, त्यांच्या हाताची काही चूक नव्हती. वस्तूच वेगळी होती."

"पुस्तकात काय लिहिलंय?"

"काय?"

"पुस्तकात धरणगावचं कथील लिहिलंय, की कथील?"

मी तक्ता पाहिला. नुसतं कथील लिहिलं होतं.

"मग पुस्तकात चूक आहे," अक्का म्हणाल्या, आणि उठून चुलीकडे गेल्या.

घरात पुस्तकाच्या चाळीस प्रती शिल्लक होत्या. त्या सगळ्यांवर त्यांनी आठवडाभरात दुरुस्ती लिहिली. मास्तरांचा आकडा खोडला नाही. त्याच्याखाली बारीक अक्षरात लिहिलं: हा आकडा शिसे मिसळलेल्या कथिलाचा आहे, चोख कथील ७.२९. मला वाटलं, झालं. पण पेटीच्या तळाशी मास्तरांच्या हातची यादी होती. पुस्तक कोणी कोणी नेलं, त्यांची नावं आणि गावं. अक्का टाक आणि शाईची दौत पिशवीत घालून निघू लागल्या. जळगावातले आधी, मग धरणगाव, एरंडोल, पारोळा. सुटीच्या दिवशी मी बरोबर असे. लोक दार उघडत आणि एक प्रौढ बाई त्यांना विचारी, "तुमच्याकडे मास्तरांचं पुस्तक आहे. ते द्या जरा, त्यात एक चूक आहे." कुणाला पुस्तक सापडत नसे, कुणी त्याची पानं कधीच फाडून वापरलेली असत. एका घरी ते पाळण्याच्या पायाखाली होतं. अक्कांनी ते काढलं, लिहिलं आणि पुन्हा पाळण्याखाली नीट सरकवून दिलं.

धुळ्याला आम्ही सर्व्हिस मोटारीने गेलो. तिथे मास्तरांचा एक विद्यार्थी आता नावाजलेला वकील होता. त्याने अक्कांच्या पायांवर डोकं ठेवलं, चहा मागवला. पुस्तक त्याच्या कपाटात कायद्याच्या पुस्तकांबरोबर उभं होतं, कापडी बांधणी करून. पण अक्कांनी टाक काढताच त्याने ते पुन्हा हातात घेतलं.

"क्षमा करा, मास्तरीणबाई. यावर काही लिहू देणार नाही. मास्तर साहेबापुढे वाकले नाहीत. मी तेव्हा पहिल्या बाकावर होतो. आयुष्यात जे काही धैर्य शिकलो ते त्या दिवशी शिकलो."

"आकडा चूक आहे," अक्का म्हणाल्या.

"असू दे."

अक्कांनी वाद घातला नाही. पिशवीतून काटा काढला, दोन्ही तुकडे काढले, टेबलावरचे त्याचे कागद बाजूला केले आणि म्हणाल्या, "तुम्हीच तोला."

बाहेर पक्षकार खोळंबले होते. वकिलाने कोटाच्या बाह्या सावरल्या आणि शाळेत शिकवल्याप्रमाणे, ओठ आवळून, एकेक वजन ठेवत दोन्ही तुकडे तोलले. पाऊण तास गेला. भागाकार त्याने दोनदा केला. मग टाक खाली ठेवून तो बसून राहिला.

"मास्तरांनी त्या दिवशी मुदत मागितली होती," तो म्हणाला.

अक्कांनी वर पाहिलं. "कसली मुदत?"

"दोन दिवसांची. साहेबांना म्हणाले, मी मोजलंय, पण माझ्या कथिलातच काही खोट असेल. दोन दिवस द्या, ती मला शोधू द्या. साहेब म्हणाले, दोन मिनिटंसुद्धा नाहीत. आणि वर्गासमोर पुस्तक मिटून टेबलावर टाकलं." मग तो म्हणाला, "मला तेवढं पुढचंच आठवायला आवडत होतं. ते मिटलेलं पुस्तक, आणि ताठ उभे राहिलेले मास्तर. तुम्हाला त्यांनी सांगितलं नव्हतं?"

"नाही," अक्का म्हणाल्या. "घरी येऊन फक्त म्हणाले, मी मोजलंय असं सांगितलं."

वकिलाने पुस्तक उघडून त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी नेहमीसारखी ओळ लिहिली. त्या टाक उचलत होत्या तेव्हा तो म्हणाला, "खाली नाव लिहा."

"मास्तरांचं आहे की वर."

"ज्यांनी चूक शोधली त्यांचं लिहा."

अक्का थोड्या घुटमळल्या. मग त्यांनी आपलं नाव लिहिलं, सावकाश, चौथीतल्या वळणदार अक्षरात. पुढे राहिलेल्या प्रतींवरही त्यांनी नाव लिहिलं. चौथ्या वर्षी माझं लग्न ठरलं आणि मी नागपूरला गेले, तेव्हा यादीतली जेमतेम निम्मी नावं झाली होती.

पुढे अक्कांची पत्रं येत. वरच्या कोपऱ्यात, तारखेखाली, त्या दिवशीचं जळगावचं तापमान. मजकूर थोडा, परसातल्या केळीला किती फण्या आल्या ते, आणि यादीतलं कोण सापडलं. मी उत्तर द्यायला उशीर करी. घर, मुलं, मग लढाईची महागाई. या दिवाळीला येते, असं मी तीन दिवाळ्या लिहिलं. चौथ्या वर्षी असोद्याहून त्यांच्या भावाचं कार्ड आलं. अक्का अश्विनात गेल्या होत्या. तीन दिवस ताप होता. कार्डावर कुठे तापमान नव्हतं. ते मी हातात घेऊन कितीदा तरी उलटसुलट केलं.

त्यानंतर पुष्कळ शिकलेली माणसं भेटली. कुणाच्याही घरी बसले, की काही वेळाने मला तिथून उठून जळगावच्या त्या पडवीत जाऊन बसावंसं वाटतं. सगळ्यात जास्त आठवते ती धुळ्याहून परतल्यानंतरची दुसरी संध्याकाळ. अक्का म्हणाल्या, चला, तलावापर्यंत जाऊन येऊ. मेहरूणच्या काठावर आम्ही बसलो. पाण्यावर बगळे होते. मग अक्का एकदम माहेरच्या बोलीत बोलू लागल्या. तसं त्या माझ्याशी कधी बोलत नसत.

"मले वाटे, मास्तर हट्टाला पेटले. म्हून मी पन पेटली. आठ वर्सं मी त्या आकड्याचीच आठवन काढली, बाई. त्याहिची नाही काढली."

मग त्या मास्तरांविषयी सांगू लागल्या. मास्तरांना भाकरीचा पापुद्रा आवडे, ते तो आधी खात आणि भाकरी नंतर. त्यांना पोहायला येत नव्हतं आणि त्याची लाज वाटे. सदऱ्याची वरची गुंडी ते कायम चुकीच्या काजात घालत आणि तसेच वर्गात जात. दशांश शिकवताना अक्का चुकल्या की ते हसत नसत, फक्त कोळसा पुढे करत. बोलता बोलता त्या हसल्या, आणि मग पदर तोंडाला लावून रडल्या. आठ वर्षांत पहिल्यांदा, असं त्या म्हणाल्या. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्या माझ्याहून वीस वर्षांनी मोठ्या होत्या, पण हात ठेवताना मला तसं वाटलं नाही.

मी मास्तरांना कधी पाहिलं नव्हतं. घरात फोटोही नव्हता. काहीतरी विचारायचं म्हणून मी विचारलं, "उंच होते का हो?"

अक्का उठून उभ्या राहिल्या. चपला काढून ठेवल्या. डोक्यावरचा पदर नीट केला आणि आपला हात आडवा धरून डोक्याच्या वर नेला. "एवढे," म्हणाल्या. मग हात थोडा खाली आणला. "नाही, एवढे." पुन्हा जरा वर नेला. त्या हाताकडे पाहत राहिल्या, डोळे बारीक करून, तिथे कुणी उभं असल्यासारखं. सूर्य पलीकडे गेला, बगळे उठले. अक्का हात वर करून तशाच उभ्या होत्या, आणि तो कुठे थांबवायचा ते त्यांना ठरवता येत नव्हतं.